तिसऱ्या घंटीपर्यंत

मिनलच्या अंगावर कांजिण्या उठल्या त्या नेमक्या शुक्राच्या आठवड्यात. २००४ सालच्या जूनच्या आठ तारखेला शुक्र सूर्यासमोरून जाणार होता, आणि असं एकशे बावीस वर्षांत झालं नव्हतं. अकरा वर्षांची ही पोर महिनाभर त्याची वाट बघत होती. वहीत तिने कंपासने सूर्य काढला होता आणि शुक्र केवढा दिसेल याचा अंदाज म्हणून त्यात एक वाटाणा. अंदाज बरोबर की चूक, ते आज कळायचं होतं.

पण सकाळपासून नवघरवर ढगांनी ठाण मांडलं होतं, आणि ते हलायला तयार नव्हते. मिनल सूर्य बघायचा काळा चष्मा लावून गॅलरीत बसून राहिली. खाजवायचं नाही म्हणून हाताची घडी, आणि मागे कडुलिंबाचा पाला घेऊन आजी गोदूबाई. चार वाजत आले तेव्हा मिनल उठली. पाचच्या आत शुक्र सूर्यावरून उतरणार होता.

"आता बाबांची युक्ती करून बघते. ढग नाहीत तिथला सूर्य इंटरनेटवर दिसेल," ती म्हणाली.

तिचे बाबा सुभाष शांती नगरात हंसाबेनच्या टाइल्सच्या ऑफिसात कामाला होते. ऑफिसात केबलवाल्याचं इंटरनेट होतं. घरी जुना कॉम्प्युटर होता, फोन होता, इंटरनेट तेवढं नव्हतं. रविवारी घरून काम करता यावं म्हणून हंसाबेनला विचारून बाबांनी एक सोय केली होती. घरच्या कॉम्प्युटरने मोडेममधून ऑफिसला फोन लावायचा, ऑफिसच्या कॉम्प्युटरने तो तिसऱ्या घंटीला उचलायचा आणि आपलं इंटरनेट फोनच्या तारेतून घरी द्यायचं. रविवारी ते बिनबोभाट चालायचं. आज मंगळवार होता आणि बाबा काशिमिऱ्याला साइटवर गेले होते.

मिनलने बटण दाबलं. मोडेममधून घंटी ऐकू आली. एक. दोन. आणि कॉम्प्युटरच्या पोटातून माणूस बोलला, "हॅलो, हंसा टाइल्स!"

आजीच्या हातातला पाला खाली पडला. "अगो, आत कोण बसलाय?"

"धाकूकाका. बाबांच्या ऑफिसातले शिपाई."

"मग बोल की त्यांच्याशी."

"माझं त्यांना ऐकू नाही जात. त्यांचं तेवढं येतं."

धाकूकाकांनी चार-पाच वेळा हॅलो केलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला ते कडाडले, "कोण रे तू? तोंड नाय काय तुला?" आजी पदर तोंडाला लावून हसायला लागली. मिनलला मात्र हसू येईना. रविवारी ऑफिसात फोन उचलायला कुणी नसतं, म्हणून हे जमतं, हे तिच्या आता ध्यानात आलं.

तिने रिसीव्हर उचलून साधा फोन लावला.

"धाकूकाका, मी मिनल. मघाशी मीच फोन करत होते."

"तूच का गो ती? मग मुकी का होतीस?"

"कॉम्प्युटर होता तो. काका, पुढचा फोन उचलू नका ना. तो तुमच्यासाठी नाहीये."

"मग कोणासाठी?"

"तुमच्या तिथल्या कॉम्प्युटरसाठी. तिसऱ्या घंटीला तो स्वतःच उचलतो."

"हे बघ बाय, चौदा वर्षं झाली, मी तिसरी घंटी वाजू दिली नाय. शेठाणी काय म्हणते ठाऊक आहे? तीसरी घंटी मतलब कस्टमर गया." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "पण तो उचलून बोलणार काय?"

"तुम्हीच बघा. हात लावू नका, नुसतं बघा."

"बरं. लाव."

एक घंटी. दोन. तिसरी वाजली, आणि मोडेममधून कर्रकर्र, मग लांब शीळ. जोडलं गेलं! सूर्याचं पान उघडलं. फोटो वरून खाली एकेका पट्टीने उतरू लागला, पडदा सोडावा तसा.

"रिकामाच दिसतोय गो," आजी म्हणाली.

"शुक्र खालच्या अंगाला आहे. थांब."

अर्धा सूर्य आला आणि अडकला. जोड तुटली. पाठोपाठ घरचा फोन वाजला.

"मिनू, आत कायतरी किंचाळतंय गो! कान फाटला माझा!"

"काका! उचललात तुम्ही?"

"एवढा वेळ दोघं गप्प. म्हटलं, ऐकू तरी काय चाललंय त्यांचं."

साडेचार वाजले होते. मिनलचे डोळे भरून आले, आणि चांगलं फाडकन बोलायचं तिच्या ओठावर आलं. पण बाबांनी पहिल्यांदा हे जोडून दाखवलं, तेव्हा तिनेही असाच चोरून रिसीव्हर कानाला लावला होता.

"काका, ती किंचाळी म्हणजे सूर्याचा फोटो होता. फोनमधून फोटो तसाच येतो, आवाज होऊन. मध्ये दुसरा आवाज शिरला की तुटतो."

"माझ्या हॅलोने सूर्य मोडला?"

"अर्धा."

"अरे देवा! लाव, परत लाव. हा बघ, दारात जाऊन उभा राहतो."

या वेळी सूर्य थांबत थांबत उतरला. पाऊण झाला तरी नितळच. आणि मग उजवीकडे खाली, अगदी कडेजवळ, एक काळा ठिपका आला. वाटाणा कुठला, मोहरीएवढा!

"ही आपली शुक्राची चांदणी?" आजी वाकून बघत होती. "काळी कशी?"

"तिचा उजेडाचा भाग सूर्याकडे आहे. आपण तिला पाठमोरी बघतोय."

मिनलने वाटाणा खोडला नाही. कडेजवळ मोहरी काढली, बाजूला वेळ लिहिली आणि मग जोड सोडली. लगेच फोन वाजला.

"दिसलं काय गो?"

"दिसलं, काका! तुम्ही पण बघा ना. इंटरनेट तर तुमच्याकडेच आहे, मी तिथूनच घेतलं."

"माझ्याकडे?"

"बाबांच्या खुर्चीत बसा, मी सांगते."

खुर्ची करकरली. "बसलो. शेठाणी यायच्या आत सांग."

"माउस हातात घ्या. पडद्यावर बाण दिसतो?"

"दिसतो. पळतोय गो हा!"

"पळू दे. हात सैल सोडा. आता त्याला हळूहळू खाली आणा."

"आणला," धाकूकाका श्वास रोखून म्हणाले. "पुढे?"