पोटावरची पुसलेली खूण

मित्रांनो, माझ्याकडे लांबूनच बघा. मी एक पर्स आहे, आता जुनी झालेली. माझा रंग मोरपंखी, अंगावर चटईसारखी तिरकी वीण आणि खांद्याला अडकवायला मोडीत निघालेल्या गाडीच्या सीटबेल्टचा काळा पट्टा. मला जो पाहतो तो म्हणतो, "काय गोड आहे!" आणि हात पुढे करतो. तो हात पुढे आला की माझा थरकाप होतो. म्हणूनच मला जाड पारदर्शक पिशवीत घालून, तिचं तोंड पक्कं बंद करून, एका सरकारी कपाटात ठेवलं आहे. तुम्हाला वाटेल, बिचारीला कोंडलं. पण खरं सांगते, या पिशवीत गेले तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं.

मी जन्मले ती गोणी म्हणून. प्लास्टिकचे चपटे धागे विणून मला बनवलं आणि माझ्या पोटावर लाल शाईने एक चित्र छापलं. कवटी, तिच्याखाली दोन हाडं आणि त्यांच्याखाली एक शब्द. मग माझ्यात पिकांवरची कीड मारायची पांढरट पूड भरली. तिला लसणासारखा उग्र वास होता. कारखान्यातली माणसं नाकातोंडाला फडकी बांधून, कोपरापर्यंत हातमोजे चढवून मला उचलायची आणि खाली ठेवलं की चटकन दोन पावलं मागे सरायची. मला फार वाईट वाटायचं. आपण काय पाप केलं म्हणून हे भयंकर चित्र आपल्या पोटावर आलं, असं मनात यायचं. मला तेव्हा कुठे माहीत होतं, की तीच माझी वाचा होती! मला बोलता येत नाही. ते चित्रच माझ्या वतीने ओरडत होतं, "लांब राहा, लांब राहा."

पूड संपली आणि मी रिकामी झाले. रिकाम्या गोण्या कारखान्याला परत करायच्या, तिथे त्या नीट नष्ट करायच्या, असा नियम होता. आम्ही पोहोचलो भलत्याच गोदामात. तिथे एक माणूस थिनरमध्ये बोळा बुडवून बसला होता. "चित्र दिसलं की कुणी हात लावत नाही," तो शेजारच्याला म्हणाला आणि माझं पोट घासू लागला. पाच मिनिटंही लागली नाहीत. कवटी गेली, हाडं गेली. घाईघाईत खालच्या शिवणीजवळचा बोटभर तांबडा डाग तेवढा राहिला. आमच्यात कोंबड्यांच्या खाद्याच्या निळ्या गोण्या मिसळल्या आणि सगळा गठ्ठा बांधून टाकला. मी मुकी झाले, मित्रांनो. पण माझ्या विणीत अडकलेली पूड मात्र होती तिथेच होती.

भंगारवाल्याने तो गठ्ठा दोन जावांच्या कारखान्यात आणून टाकला. कारखाना म्हणजे घराच्या पुढची एक लांबट खोली. एका भिंतीला दोन शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला खिळ्यांवर टांगलेला माल: ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या बॅगा, बाटल्यांच्या बुचांची कानातली, कापडाच्या चिंध्या गुंडाळून केलेल्या बांगड्या, फुटक्या छत्र्यांच्या कापडाचे बटवे. लोकांनी टाकून दिलेलं उचलायचं आणि लोकांनाच मिरवायला लावायचं, हा या दोघींचा धंदा. थोरली मशीनवर बसायची. बोलायला फटकळ, पण टाका असा घालायची की उलटं-सुलटं ओळखू येऊ नये. दातात दोऱ्याचं टोक धरल्याशिवाय तिला सुईत दोरा ओवताच यायचा नाही. धाकटी नवे नवे नमुने काढायची आणि स्वतःच्याच कल्पनेवर खूश होऊन खिदळायची.

"खाद्याच्या गोण्या आहेत," भंगारवाला म्हणाला. "तेवढ्या धुऊन घ्या म्हणजे झालं."

"ताई, रंग बघा ना!" धाकटीने मला गालाला लावलं. "मोराचं पीसच जणू."

मी मनातल्या मनात किंचाळले. तिच्या कानापर्यंत काय पोहोचणार?

त्यांना शहरातल्या एका मोठ्या दुकानासाठी चाळीस पर्स करायच्या होत्या. दुसऱ्याच दिवशी धाकटीने आम्हाला अंगणात टबात बुचकळलं. उघडे हात, दंडापर्यंत खोचलेल्या बाह्या. पाणी दुधासारखं पांढरं झालं. तिला वाटलं, साबणाचा फेस. एका पाण्याने गोणी स्वच्छ दिसते. पण दिसणं आणि असणं यात केवढं अंतर असतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुपारी तिचं डोकं धरलं. थोरली म्हणाली, "उन्हात डोक्यावर काही घ्यायला नको का? एवढी घोडी झालीस तरी तुला सांगायचं का?"

मग आमच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टी लांबीत दुमडली, वर कागद ठेवून मंद इस्त्रीने दाबली. ऊब लागताच माझ्यातला वास जागा झाला.

"लसूण सोललास का गं?" थोरलीने विचारलं.

"नाही हो. नवीन माल आहे, वास यायचाच थोडा."

थोरलीने एक पट्टी नाकाशी नेली, कपाळाला आठी घातली. मी आशेने तिच्याकडे पाहत राहिले. टाक, ताई, टाक खाली! पण तेवढ्यात दुकानाचा फोन आला, आणि तिने पट्टी टेबलावर ठेवून दिली. चार दिवस त्या दोघींचे हात माझ्या अंगावरून फिरत होते. धाकटीला मळमळायचं, थोरलीचे डोळे पाणावायचे. दोघींनी जागरणाला दोष दिला. माझं रूप दिवसेंदिवस खुलत होतं आणि प्रत्येक कौतुकाबरोबर माझी भीती वाढत होती.

बारा पर्स तयार होऊन दुकानात गेल्या. मी नमुन्याची म्हणून घरी राहिले. मला अजून आतून अस्तर लावायचं होतं.

धाकटीची मुलगी चार वर्षांची. एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. त्या दुपारी आई आत पडली होती आणि मोठी आई, म्हणजे थोरली, मशीनवर पाठमोरी होती. भिंगरीने मला खुंटीवरून काढलं, गळ्यात अडकवलं आणि माझ्यात चार बिस्किटं टाकली. अस्तर नसलेल्या माझ्या उघड्या पोटात. अंगणात जाऊन ती पायरीवर बसली. एक बिस्किट काढलं, खाल्लं, बोटं चाटली. दुसरं काढलं. मी माझं तोंड आवळायचा प्रयत्न केला. पण पर्सला स्वतःचं तोंड आवळता येतं का? मशीन खडखडत होतं. कुणीही मागे वळून पाहत नव्हतं. तिसरं बिस्किट. मग मला चघळत चघळत ती भिंतीला टेकली.

अर्ध्या तासात तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. कपाळ घामाने भिजलं. तिने भडाभडा ओकारी केली आणि मला घट्ट छातीशी धरलं.

"मोठी आई, मला अंधार दिसतोय."

भर दुपारी! थोरलीने मशीन सोडलं, पोरीची हनुवटी वर केली. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. "अगं ए, ऊठ!" ती आत ओरडली. धाकटी भिंतीचा आधार घेत आली. तिच्याही बाहुल्या तशाच. थोरलीने पोरीला खांद्यावर टाकलं, जावेचा हात धरला आणि मिळाली ती रिक्षा अडवली. भिंगरीची मूठ माझ्या पट्ट्यावरून सुटेना, म्हणून मीही गेले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत ओळखलं. सुई टोचली, सलाईन लावलं, पोरीचे कपडे उतरवून अंग साबणाने धुवायला लावलं. मग थोरलीकडे वळल्या. "घरात कीटकनाशक कुठे ठेवलं होतं?"

"कीटकनाशक? आमच्याकडे झुरळाचा खडूसुद्धा नाही हो!"

"मग दिवसभर हाताळता काय?"

"पर्स शिवतो. या अशा. खाद्याच्या गोण्यांपासून."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला हातमोज्याने धरलं! लांब धरूनही त्यांना वास आला. त्यांनी चिमट्याने माझी एक दुमडलेली पट्टी उलगडली. आत बोटभर तांबडा डाग होता: दोन हाडांची टोकं, आणि खाली अर्धवट राहिलेल्या शब्दाची दोन अक्षरं. "विषा".

थोरलीने ती अक्षरं वाचली. "मी माझ्या हातांनी..." एवढंच बोलली आणि दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघत राहिली.

"ताई, या पर्स आणखी कुठे गेल्यात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भिंगरीचा श्वास अजून घरघरत होता. धाकटीला शेजारच्या खाटेवर झोपवलं होतं; तिने डोळे न उघडता म्हटलं, "ताई, तुम्ही दुकानात जा. इथे डॉक्टर आहेत. तिथे कुणीच नाही." थोरलीने पोरीच्या पायांवरून हात फिरवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. आधी नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, मग फिरवला. मला जाड पिशवीत बंद केलं होतं. पुरावा म्हणून ती मला घेऊन निघाली.

दुकान झगमगत होतं. माझ्या बहिणी काचेच्या फळीवर दिव्याखाली मांडल्या होत्या आणि एक बाई त्यातली एक खांद्याला लावून आरशात बघत होती. थोरलीने तिच्या खांद्यावरून ती ओढूनच काढली.

"अहो, काय चाललंय काय?" मालकीणबाई धावत आल्या. थोरलीने सगळं सांगितलं. मालकीणबाईंनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "हळू बोला. दोनदा धुऊन घेऊ. अस्तर तर आहेच. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," थोरली म्हणाली. "माझी पोर तिकडे सलाईनवर आहे. तुमच्या पोरीला देता का ही? द्या, तिच्या हातात द्या, मग ठेवा मांडून."

मग मालकीणबाईंनीच हातमोजे मागवले आणि पर्स पोत्यात भरायला लागल्या. थोरली मोजत होती. नऊ. दहा. अकरा.

"बारावी?"

"ती सकाळी गेली. पहिलंच गिऱ्हाईक होतं. नाव नाही घेतलं हो."

त्या दिवशी मी थोरलीला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

भिंगरी तिसऱ्या दिवशी उठून बसली. धाकटीला बरं व्हायला दोन आठवडे लागले, आणि थकवा तर त्यानंतरही बरेच दिवस राहिला. भंगारवाल्याचेही हात थरथरत होते. गठ्ठे त्यानेच उचलले होते. "मलाही खाद्याच्याच म्हणून दिल्या," तो म्हणाला, आणि अधिकाऱ्यांना घेऊन स्वतः त्या गोदामापर्यंत गेला. थिनरवाला पकडला गेला. तिथे पुसलेल्या आणि पुसायच्या शेकडो गोण्या निघाल्या. जावांनी तयार माल, कापलेल्या पट्ट्या, टबसुद्धा अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिला. सहा महिने त्यांची मशीन बंद होती. नंतर ती पुन्हा सुरू झाली, असं इथे आलेल्या थोरलीकडून कळलं. आता त्या आलेल्या प्रत्येक वस्तूला आधी विचारतात, तू कुठली? उत्तर नाही मिळालं, तर ती कितीही सुंदर असो, उंबऱ्याबाहेरच.

खटला संपला आहे. या आठवड्यात गाडी येईल आणि मला विषारी कचरा जाळायच्या बंद भट्टीकडे नेईल. मला आगीची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण मी गेले नाही, तर आणखी कुणाचा तरी हात पुढे येईल, याची भीती त्याहून मोठी आहे.

मित्रांनो, टाकाऊतून नवं करणारे हात चांगले असतात. त्या हातांना जपा. एखादी वस्तू टाकताना तिने पोटात काय वाहिलं, ते तिच्यावर लिहून ठेवा. कुणी लिहिलेलं असेल तर ते पुसू नका. आणि काही बनवायला घ्याल तेव्हा धुण्याआधी, कापण्याआधी, आवडण्याआधी विचारा, की ही आधी कोण होती.

आणि एक विनंती. माझी एक बहीण अजून सापडलेली नाही. मोरपंखी रंग, तिरकी वीण, काळा पट्टा. फार देखणी आहे. तुमच्या आईच्या, मावशीच्या, ताईच्या कपाटात ती असेल, तर तिला हात लावू नका. मोठ्यांना हाक मारा. आत्ताच मारा.