माळ घातलेली खैरी

नेपाळातल्या तानसेन गावच्या बाजारामागे देवकलाचा हातमाग. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीतून तिनं खैरीला, एका तांबड्या कुत्रीला, घरी आणलं, तेव्हा गल्लीनं तिला वेड्यात काढलं. वखारवाला मलेशियाला निघून गेला होता आणि कुत्री साखळीसकट मागे राहिली होती. साखळी मानेत रुतली होती. देवकलानं औषधपाणी केलं, मऊ भात भरवला. हाडांवर मांस चढलं, जखम भरली. पण मानेभोवती केस उगवले नाहीत. तिथं हात न्यायचा अवकाश, खैरी थेट पलंगाखाली.

वरच्या मजल्यावरची घरमालकीण बिष्णुमाया. सगळे तिला बज्यै, म्हणजे आजी, म्हणत. तिची जीभ कधी विश्रांती घेत नसे.

"बांधून ठेव गं तिला. मोकळं कुत्रं कुणाचंच नसतं."

"नाही बांधणार, बज्यै. आयुष्यभराचं बांधून घेतलंय तिनं."

"मग जाईल एक दिवस पळून. बस रडत!"

देवकला हसण्यावारी न्यायची. पण दार उघडं असलं की तिचा एक डोळा मागावर आणि दुसरा उंबऱ्यावर असायचा. खरंच गेली तर?

तिहारमधला, म्हणजे नेपाळी दिवाळीतला, कुत्र्यांच्या पूजेचा दिवस उजाडला. वर्षभर दगड खाणाऱ्या कुत्र्यांना त्या दिवशी देवाचा मान. बज्यै कितीही फटकळ असली तरी पुण्य सोडणारी नव्हती. देवकला नळावर गेलेली पाहून ती ताट घेऊन खाली उतरली. खैरी उन्हात पडली होती. कपाळाला टिळा लागेपर्यंत ती जीव मुठीत धरून गप्प राहिली. मग बज्यैनं झेंडूची माळ तिच्या गळ्यात घातली.

मानेला दोरा लागला मात्र, खैरी ताट उधळून उतारावरून सुसाट पळाली. म्हातारीचं पुण्य तिच्याच अंगाशी आलं.

देवकलानं सारा बाजार पालथा घातला.

"दादा, खैरी कुत्री पाहिलीत का? कपाळाला टिळा, गळ्यात माळ?"

चहावाला हसायला लागला. "दिदी, आज टिळा-माळेशिवायचं कुत्रं दिसलं तर मलाच दाखवा!"

खरंच होतं ते. पायरीपायरीवर माळा घालून, पोटं फुगवून कुत्री लोळत होती. बज्यै मागोमाग धापा टाकत होती आणि दिसेल त्या तांबड्या कुत्र्याला सणाची गोड सेलरोटी दाखवत होती, "खैरीबाई, चुकलं गं माझं!" भलतीच कुत्री येऊन रोटी खाऊन जात होती. देवकलाला तिचा रागही आला आणि हसूही. मग मात्र तिला रडू फुटलं. बज्यैला घेऊन ती रिकाम्या हातानं परतली. दोघी उंबऱ्यावर बसल्या. बज्यैनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

"पोरी, मला शिव्या तरी दे," ती म्हणाली.

देवकलानं तोंड उघडलं, तोच तिची नजर उताराकडे गेली. उतारावरून खैरी वर येत होती. पाय चिखलानं माखलेले, माळेतली निम्मी फुलं गळालेली, पण दोरा मानेत तसाच. बज्यै उठू लागली, तशी देवकलानं तिला पदराला धरून बसवलं.

खैरी सरळ देवकलापुढे येऊन उभी राहिली. हुंगलं नाही, शेपूट हलवलं नाही. फक्त मान खाली घातली आणि देवकलाच्या हाताखाली ढकलली, काढ हे म्हणून.

देवकलानं दोरा तोडला. तरी हात काढला नाही. बोटांखाली ती केस नसलेली, गुळगुळीत, ऊबदार कातडी होती, आणि खैरी हलत नव्हती.