गोड्या पाण्याची टाकी आणि ठोसेवाला झिंगा

लाल ऑक्साइडचा वास.

वरठी स्टेशनावर उतरलेले दोन प्लास्टिकचे कॅन. हमाल विचारतो, "रॉकेल हाय का भाऊ?" "नाही गा, समुद्र हाय."

फुटलेली गोगलगाय.

काचेवर मिठाची पांढरी रेघ.

कांदे.

मित्रांनो, हा सगळा पसारा माझ्या आयुष्याचा आहे. नीट लावून ठेवायला मला जमलेलं नाही. मी एक जुनी माशांची टाकी आहे. लोखंडी चौकटीची, गोड्या पाण्याची. आणि आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे.

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या फॅक्टरीत फिटर असलेल्या तेजरामभाऊंनी १९७४ साली मला बनवलं. लोखंडी पट्ट्या जोडल्या, लाल ऑक्साइडचा रंग दिला, काचा बसवल्या आणि फटींत पुट्टी भरली. पहिल्या दिवशी मी गळले. तेजरामभाऊ हसले, पुन्हा पुट्टी भरली. तेव्हापासून मी थेंब सांडला नाही.

माझे मासे मुरारीनं आणले. मुरारी शहापूरकडच्या तलावात जाळं टाकायचा. त्याच्या जाळ्यातल्या रुपेरी मासोळ्या आणि मिशावाला टेंगरा माझ्याकडे राहायला आले. आठवड्याला तो सायकलवरून यायचा, उकिडवा बसून मासे पाहायचा आणि म्हणायचा, "माह्या पोरी सासरी सुखी हायेत ना, वैनी?" तेजरामभाऊंच्या बायको, सुलोचनावैनी, आतून म्हणायच्या, "सुखी हायेत, पण आहेर नाही आणला तू." फॅक्टरीची बस तेजरामभाऊंना दारात सोडायची आणि ते चपला न काढता आधी माझ्यासमोर उभे राहायचे. चहा नंतर. बायको त्याच्याही नंतर. खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

१९८१ च्या जानेवारीत, थंडीत, सुलोचनावैनींच्या बहिणीचे यजमान, श्यामराव, उरणहून आले. वैनींनी समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून ते दोन कॅन भरून समुद्राचं पाणी आणि एक भोकाभोकांचा दगड घेऊन आले. नागपूरहून चिकटवलेल्या काचांची नवी टाकी आली. लोखंडाचा तुकडा नाही, नुसती काच. तिला माझी जागा मिळाली, माझा हवेचा पंप मिळाला. मी कोपऱ्यात, शिवणयंत्राशेजारी. घरात सवत आली म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

दगडाच्या भोकातून एक जनावर बाहेर आलं. झिंग्याच्या जातीचं, पण हिरवं-निळं-तांबडं. देठावर बसवल्यासारखे डोळे, एक इकडे फिरतो, दुसरा तिकडे. पुढचे हात दुमडून छातीशी धरलेले. गोगलगाय टाकली की हात सुटायचा. टक्! शंख फुटलेला. हात कधी हलला, ते कुणालाच दिसायचं नाही.

सगळी कॉलनी लोटली. "बाप्पा! काच फोडन का हा?" असं म्हणत बाया मागे सरायच्या आणि पुन्हा पुढे यायच्या. मी मनात म्हणायचे, फोड रे बाबा, एकदाची फोड.

मुरारी आला. हातातल्या डब्यात नवी मासोळी होती. तेजरामभाऊ म्हणाले, "मासे राहू दे मुरारी. गोगलगायी आणशील काय? याले लागतात."

मुरारीनं डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे मी आता याचा नोकर?"

"तसं नाही बे."

"तसंच हाय. तलावातले मासे झाले शिळे, समुद्राचा झिंगा झाला राजा. असा काय हाय त्याच्यात? रंग तं पोळ्याच्या बैलालेही देते मानूस."

मला वाटलं, माझ्याच तोंडून बोलतोय. तरी तो गोगलगायी आणत राहिला. माझ्याकडे मात्र बघेना. त्याच्या त्या न बघण्याचाही मला राग यायचा.

मग मे महिना लागला. भंडाऱ्याचं ऊन. नव्या टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली जायचं आणि तेजरामभाऊ ते राखून ठेवलेल्या दुसऱ्या कॅनमधून भरायचे. "समुद्राचा पाहुणा हाय, त्याले समुद्राचंच पाणी पाहिजे," असं कौतुकानं म्हणायचे. काचेवर मिठाची पांढरी रेघ जाड होत गेली. जनावर भोकातून निघेना. गोगलगाय अगदी समोर टाकली तरी हात उठेना. तेजरामभाऊंनी जेवण टाकलं. मी खूश होते.

एका रविवारी तळाची घाण काढायला त्यांनी रबरी नळी तोंडानं ओढली. पाणी थेट घशात गेलं. खोकत, थुंकत ते ओरडले, "हे तं जहर झालं! थंडीत ओढलं तवा एवढं खारं नव्हतं." मग तिथंच खाली बसले. पाणी उडून जात होतं आणि मीठ मागे राहत होतं. त्यावर ते रोज आणखी मीठ ओतत होते.

गोडं पाणी हवं होतं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास. मुरलेलं, शांत पाणी घरात एकाच ठिकाणी होतं. माझ्यात.

ते वाटीवाटीनं माझं पाणी तिकडे नेऊ लागले. आज थोडं, उद्या थोडं. नळाचं पाणी मुरवून माझ्यात परत टाकायचं ठरलं होतं, पण मुरलेलं तेही तिकडेच जायचं. माझे मासे उरलेल्या कोमट पाण्यात वर येऊन तोंडं उघडू लागले.

"त्या एकासाठी याहीचे जीव घेता काय?" वैनी कडाडल्या.

तेजरामभाऊ बराच वेळ दोन टाक्यांच्या मधे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहत होते. एकदा, फक्त एकदा ते माझी बाजू घेतील, एवढंच मला हवं होतं.

"मुरारीले बोलवा," ते म्हणाले. "मासे घेऊन जाऊ दे."

मुरारीनं एकेक मासोळी ओंजळीत घेतली. "चला पोरींनो, माहेरी. सासरचं पाणी आटलं." जाताना माझ्या काचेवरून ओला हात फिरवला आणि म्हणाला, "तेजरामभाऊ, आता गोगलगायीले दुसरा मानूस पाहा."

तिकडे जनावर भोकातून बाहेर आलं. टक्! घरभर आनंद झाला.

मी मागच्या पडवीत गेले. पावसानं चौकट गंजली. वैनींनी माझ्यात कांदे ठेवले. पुढे तेजरामभाऊ निवृत्त होऊन, मला कांद्यांसकट घेऊन, वरठीला राहायला गेले तरी पाहुण्यांपुढे गोष्ट निघायची ती ठोसेवाल्या झिंग्याची. कांद्यांच्या सालींखालून मी ती ऐकायचे आणि पुन्हा पहिल्यासारखी जळायचे.

मित्रांनो, घरात नवं जरूर आणा. त्याचे लाड करा. पण त्याला लागणारं पाणी जुन्याच्या पोटातून काढू नका. आणि उन्हाळ्यात एखादं ओलं फडकं कोपऱ्यातल्या टाकीवरही टाका. ती मागणार नाही. बघत मात्र असते.

ते जनावर, माझं पाणी घेतलं त्याच वर्षी, पोळ्याच्या आठवड्यात मेलं.