काही होत नाही हो!

मित्रांनो, मी एक जुना धातुशोधक आहे. लांब दांडी, खाली ताटलीएवढी चकती आणि वर हातात धरायची मूठ, असा माझा अवतार. जमिनीत धातू असला की ओरडायचं, एवढंच मला येतं. गप्प बसणं मला कुणी शिकवलंच नाही. आणि आज मी परक्या देशातल्या एका पोलीस ठाण्यात, मागच्या खोलीत, वरच्या फळीवर पडलो आहे.

माझे मालक प्लंबर. सगळे त्यांना नळवाले काका म्हणत. फरशीखालून जुना पाइप कुठून गेला आहे हे शोधायला त्यांनी मला विकत घेतलं. "उगाच सगळी फरशी कशाला फोडायची? माझा पठ्ठ्या सांगेल की!" असं म्हणून ते मला फिरवत आणि मी नेमका पाइपवर ओरडत असे. काय थाट होता माझा तेव्हा! खोदताना कुणाचं हरवलेलं कानातलं सापडलं, तर काका ते पुसून घरमालकाच्या हातावर ठेवत. "जमिनीतलं आपलं नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

पुढे काकांचे गुडघे कुरकुरू लागले. काम सुटलं आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो. मला वाटलं, संपलं आपलं. पण काकांची लेक परदेशात राहायची आणि तिची छोटी मुलगी, छकुली, म्हणजे काकांचा जीव की प्राण. दर वर्षी तिला भेटायला जायचं, या एका आशेवर ते बाकीचं वर्ष ढकलत. यंदा नातीला गंमत दाखवायची म्हणून त्यांनी मला झाडूनपुसून बॅगेत कोंबलं.

मला पाहताच लेकीचा चेहरा उतरला.

"बाबा, इथे परवानगीशिवाय हे वापरणं गुन्हा आहे. विमानतळावरची पाटी नाही का वाचलीत?"

काकांनी फोनवर हौशी धातुशोधकांच्या ग्रुपवर विचारलं. धडाधड उत्तरं आली. "काही होत नाही हो!" "पाट्या काय, लावायच्या म्हणून लावतात." "मी तिथे कितीदा गेलो, कुत्रंसुद्धा विचारत नाही."

आणि खरंच, कुत्रंसुद्धा विचारेना. रोज सकाळी आम्ही समुद्रावर जायचो. गस्तीचा हवालदार लांबूनच हात हलवायचा. एकदा तर काकांच्या हातातली बाटल्यांची झाकणं बघून तो पोट धरून हसला. हळूहळू लेकही निर्धास्त झाली. मला मात्र त्या वाळूची भीती वाटायची. खाली खोल काहीतरी होतं, आणि तिथून जाताना माझा आवाज आपोआप जड व्हायचा.

एके दिवशी छकुलीच्या गळ्यातली चांदीची साखळी वाळूत पडली. आजोबांनीच दिलेली ती साखळी! पोरीने रडून आकाशपाताळ एक केलं. काकांनी मला फिरवलं, मी ओरडलो, साखळी मिळाली. पण मी ओरडतच राहिलो. काकांनी आणखी खणलं. हातभर खाली धातूचा एक लहानसा घोडा होता, फार जुना, हिरवा पडलेला. आसपास चिटपाखरू नव्हतं. काका, झाका तो, झाका, असं मला सांगायचं होतं. पण मला तेवढं एकच ओरडणं येतं.

काकांनी घोडा रुमालात गुंडाळला आणि छकुलीचं बोट धरून ते सरळ हवालदाराकडे निघाले. "जमिनीतलं आपलं नसतं, बाळा."

हवालदाराने रुमाल उघडला आणि त्याचं हसू मावळलं. त्याने लेकीला बोलावून घेतलं. तो बोलत होता आणि ती आपल्या वडिलांना मराठीत सांगत होती.

"ते म्हणतात, तुम्ही नुसते फिरत होतात तोवर मी काणाडोळा केला. आता हे बाहेर निघालंय. आता मला काही करता येत नाही."

आम्हाला ठाण्यात नेलं आणि मला तिथेच जप्त केलं. तिथल्या साहेबांचं शेवटचं वाक्य तर लेकीच्या तोंडून निघेना. "बाबा... तुम्हाला या देशात पुन्हा पाऊल टाकता येणार नाही."

"मग माझ्या वाढदिवसाला आजोबा कसे येणार?" छकुलीने विचारलं. काका तिच्या गळ्यात साखळी घालत होते, पण आकडा काही केल्या लागेना. शेवटी तो लेकीने लावला.

या फळीवर मी एकटा नाही. माझ्या दोन्ही बाजूंना माझेच भाऊबंद दाटीवाटीने उभे आहेत. प्रत्येकाच्या मालकाला कुणीतरी सांगितलं होतं, काही होत नाही हो! मित्रांनो, जे सुटले तेच ग्रुपवर बढाया मारतात. जे अडकले त्यांना लाज वाटते, ते लिहीत नाहीत. माझ्या काकांनीही तिथे एक अक्षर लिहिलं नसेल.

समोरच्या खिडकीतून समुद्र दिसतो. आत्ता तिथे एक बाई नवाकोरा धातुशोधक घेऊन वाळूत फिरते आहे. हवालदार लांबून हात हलवतो आहे, तीही हसून हात हलवते आहे. जमीन ज्यांची, त्यांना आधी विचार ग बाई, मग यंत्र सुरू कर, असं मला ओरडून सांगायचं आहे. पण माझी बॅटरी केव्हाच संपली. तुम्ही तरी तिला हाक मारा.