पोकळ चिंचेचा साक्षीदार

“जरा गप्प राहा हं सगळ्यांनी,” असं म्हणून वैद्यबुवांनी लाकडी हातोडी चिंचेच्या बुंध्यावर मारली. ढब्ब असा आवाज आला. शहरातली जुनी झाडं बघायला रविवारी सकाळी जमलेली वीसेक माणसं खूश झाली.

“ऐकलंत? आतून पार पोकळ आहे. पण म्हणून मेलेली नाही हं. झाड जगतं ते सालीखालच्या वीतभर लाकडावर. अजून शंभर वर्षं ही कुणाला दाद देणार नाही.”

वैद्यबुवा हे नाव खात्यातल्या लोकांनी थट्टेनं ठेवलेलं. शहराच्या बागखात्यात एकतीस वर्षं त्यांनी फांद्या छाटल्या, ठोकून ठोकून झाडांची दुखणी ओळखली, आणि एवढ्या वर्षांत एकाही साहेबानं त्यांना ‘बसा’ म्हटलं नाही. बायको म्हणायची, “घरातल्या दाराची बिजागरी निखळलीय, आणि हे गावभर झाडांच्या नाड्या बघत हिंडतायत!” निवृत्तीनंतर या फेऱ्या काढणाऱ्या बाईंनी त्यांना शोधून काढलं. आता लोक त्यांचं बोलणं वहीत उतरवून घेत. म्हातारा हुरळून गेला होता, आणि त्यात नवल काहीच नव्हतं.

त्या दिवशी सोबत आलेल्या त्यांच्या मुलीनं फोनवर व्हिडिओ घेतला. संध्याकाळपर्यंत तो हजारो लोकांनी पाहिला. त्यांनी स्वतः चार वेळा पाहिला. ठोका होता, ‘आतून पार पोकळ आहे’ होतं, आणि तिथंच तो संपत होता.

“पुढचं कुठं गेलं गं?”

“बाबा, एवढं लांबण कोण ऐकतंय? तेवढंच ठेवलं की लोक पुन्हा पुन्हा बघतात.”

पुढचंही घाल, असं त्यांनी ठणकावून सांगायला हवं होतं. पण दुसऱ्याच दिवशी चहाच्या दुकानात एका परक्या माणसानं त्यांना ओळखलं, आणि ते राहूनच गेलं.

दीड महिन्यानं रस्तेखात्यानं त्यांना सुनावणीला बोलावलं. रस्ता रुंद करायचा होता आणि चिंच आड येत होती. साहेब चक्क उठून उभे राहिले, “या, बसा,” म्हणाले आणि भिंतीवर तोच व्हिडिओ लावला.

“आवाज तुमचाच ना?”

“माझाच. पण साहेब, त्याच्या पुढं मी...”

“झाड पोकळ आहे की नाही, एवढंच सांगा.”

“आहे. पण पोकळ असलं तरी...”

“आहे म्हणतायत. लिहून घ्या,” साहेब कारकुनाला म्हणाले. “तज्ज्ञांचं मत.”

कागदावर एकच ओळ होती आणि ती खरी होती. खोटं लिहिलं असतं तर वैद्यबुवा भांडले असते. शिवाय ते खुर्चीवर बसले होते, आणि खाली ‘तज्ज्ञ’ असं लिहून सहीला जागा सोडली होती. त्यांनी सही केली.

चिंच तोडायला दोन दिवस लागले. करवतीची पाती तीनदा बदलावी लागली.

पुढच्या रविवारी बाई म्हणाल्या, “तिथं थांबायचंच हं. अर्धे लोक त्या व्हिडिओमुळे आलेत.”

बुंधा गुडघ्याएवढा उरला होता. मधे भलंमोठं भोक आणि भोवती वीतभर जाड, ओलं लाकूड. इतकी वर्षं जिथं ऊन पोचलं नव्हतं तिथं लख्ख पडलं होतं. वैद्यबुवा खाली बसले आणि त्यांनी त्या ओल्या कडेवर तळवा ठेवला.

“ही कड बघा. ही जिवंत होती. पोकळ झाड मेलेलं नसतं, हे मी तेव्हाही सांगितलं होतं, पण...”

“आजोबा, ठोका ना! व्हिडिओतल्यासारखं!” मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले, तेही कौतुकानंच.

मुलीनं फोन वर धरला. त्यांनी पिशवीतून हातोडी काढली.

“बाबा, थोडं मागं सरका. तुमची सावली पडतेय.”

ते मागं सरकले. मग त्यांनी ठोकलं.