सावळखेडचा कुतूहल निर्देशांक

सावळखेडचे शेतकरी जगातले सगळ्यात चौकस शेतकरी आहेत, हे फिनलंडमध्ये सिद्ध झालं तेव्हा सावळखेडचे शेतकरी फवारणी करत होते. त्यांना कुणी काही कळवलं नाही. मला कळवलं, कारण त्या ईमेलमध्ये एकूण पस्तीस लोक जोडलेले होते आणि चुकून त्यात मीही होते.

प्रकल्प दोन देशांचा होता. अर्धा खर्च फिनलंडचा, अर्धा आपला, आणि दोन्हीकडच्या सह्या झाल्याशिवाय एक पान हलायचं नाही. तिकडच्या प्रमुख डॉ. पैवी, इकडचे प्रमुख पुण्याचे डॉ. केतकर. आणि मधे मी, आकांक्षा, हिंगणघाटची, संशोधन सहायक. दोन देशांच्या मैत्रीत माझं योगदान म्हणजे डब्बे चार्ज करणं.

डब्बा म्हणजे पिवळ्या रंगाचं, लोखंडी खांबावर बसवलेलं एक यंत्र. हिंगणघाटजवळच्या जाम गावच्या चौकातून आत वळलं की सावळखेड लागतं. तिथल्या कपाशीच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, असे डब्बे उभे केले होते. माणूस जवळ गेला की डब्बा पुण्याच्या एका बाईंच्या आवाजात विचारायचा, "आज आपल्या कपाशीवर बोंडअळीचा प्रादुर्भाव आढळला का?" शेतकरी जे बोलेल ते रेकॉर्ड व्हायचं आणि थेट फिनलंडला जायचं. तिथे एक संगणक त्याचं इंग्रजी करायचा. पुढच्या टप्प्यात डब्ब्याने उत्तरंही द्यायची होती. सध्या तो फक्त विचारायचा, सरकारी माणसासारखा.

रेकॉर्डिंग मला कधी ऐकायला मिळालं नाही. ते म्हणे गोपनीय. आणि मी वऱ्हाडी बोलते हे ऑफिसात कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये माझ्या तोंडून "मले वाटते" असं निसटलं, तर केतकर सर टाळी वाजवून म्हणाले, "वा! किती गोड!" गोड? मी काय बासुंदी आहे? त्या दिवसापासून मी "मला असं वाटतं, सर" म्हणते, आणि वाटतं ते सांगतच नाही.

फिनलंडच्या अहवालात दोन शोध होते. पहिला शोध: सावळखेडचे शेतकरी जवळजवळ प्रत्येक वाक्याला "हे कसं?" असं विचारतात. यावरून पैवी मॅडमनी 'कुतूहल निर्देशांक' नावाची गोष्ट काढली होती, आणि तिच्या आलेखात सावळखेडची रेघ कागदाच्या वर निघून गेली होती. दुसरा शोध: बोलता बोलता हे लोक अचानक गाईची आठवण काढतात. पैवी मॅडमनी लिहिलं होतं की, गाय ही या संस्कृतीच्या विचारप्रक्रियेत खोलवर रुतलेली आहे. हे वाक्य दिल्लीत फार आवडलं असं ऐकलं.

मी म्हटलं, असेल बुवा. मला त्या रेघेशी एकच देणंघेणं होतं. तिच्या जोरावर दुसरा टप्पा मंजूर होणार होता. माझी नेमणूक पहिल्या टप्प्यापुरती, आणि माझी पीएच.डी. याच डब्ब्यांवर. टप्पा बुडाला की मी परत हिंगणघाटला, बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात. अर्धवट विहिरीत निदान कचरा तरी टाकता येतो. अर्धवट पीएच.डी. तेवढ्याही कामाची नाही.

सह्या करायला पैवी मॅडम स्वतः आल्या. नोव्हेंबर होता. कोवळं ऊन म्हणून आम्ही जे कौतुकाने अंगावर घेतो, त्यात त्या टोमॅटोसारख्या लाल झाल्या. केतकर सरांनी त्यांना जामला तर्री पोहे खाऊ घातले, त्यामुळे आतूनही लाल झाल्या. पण बाई चांगल्या. गावात शिरताच हात जोडून सगळ्यांना आपलं नाव सांगत होत्या. गावाने त्याचं लगेच 'पव्वीबाई' केलं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे पव्वा हा शब्द लोक हळू आवाजात घेतात. त्या दिवशी सगळ्यांना तो मोठ्याने घेता आला. मंडळी एकदम खूश.

बैठक रूपरावांच्या अंगणात होती. रूपराव म्हणजे पहिला डब्बा ज्यांच्या धुऱ्यावर बसला ते. समोर सतरंजीवर बायका बसल्या होत्या, सगळ्यात पुढे शकुबाई. तिच्या कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली होती. कापूस फुटून उभा होता आणि या बैठकीपायी तिची त्या दिवसाची वेचणी बुडाली होती. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पैवी मॅडमनी इंग्रजीत विचारलं, केतकर सरांनी मराठी केलं, "आपणांस हे यंत्र उपयुक्त वाटतं का?"

"हाव," रूपराव म्हणाले. पाहुण्यांना नाही म्हणायची रीत नाही.

सर भाषांतराला तोंड उघडणार, तोच मॅडमनी हात वर केला. हे भाषांतराशिवाय कळलं होतं! त्यांचे डोळे चमकले. त्या सरांना म्हणाल्या, "पाहिलंत? हाऊ! पहिल्याच वाक्याला!" आणि त्यांनी यंत्र कसं चालतं ते समजावायला सुरुवात केली. सौर पट्टी, बॅटरी, लहरी, उपग्रह, संगणक. सर भाषांतर करत होते, घामाघूम होत होते. शेवटी मॅडमनी विचारलं, "समजलं?"

"हाव," सतरंजी एका सुरात म्हणाली.

मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी सोप्या शब्दांत. मग रूपरावांच्या नातीचा खडू मागून त्यांनी ओट्यावर चित्र काढलं. "आता समजलं?"

"हाव हाव!" लोक घाईघाईने म्हणाले. कुणीतरी दोनदा म्हटल्यामुळे मॅडमनी दोन चित्रं काढली.

तेव्हा मला उमगलं. म्हणजे तो आलेख, ती कागदाबाहेर गेलेली रेघ, तो निर्देशांक, सगळं म्हणजे आमचा साधा होकार. वर्षभर डब्बा विचारत होता, अळी दिसली का, आणि लोक सांगत होते, हो दिसली, हो दिसली. तिकडे त्याचं 'हे कसं, हे कसं' होत होतं. बोंडअळी बोंडं खात होती आणि फिनलंड आमचं कुतूहल मोजत होतं.

मी केतकर सरांकडे पाहिलं. त्यांच्याही लक्षात आलं होतं. माणूस हुशार आहे. ते माझ्याकडे वाकून कुजबुजले, "आकांक्षा, आधी सह्या होऊ देत. मग बघू."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. मी अगदी मनापासून गप्प बसले. झेरॉक्स मशीनचा तो गरम वास माझ्या नाकात आला होता.

सह्यांची फाईल उघडली गेली. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात शकुबाई उठली आणि ओटी सावरत म्हणाली, "ओ बाई, तुमचं झालं असंन त मी जातो वावरात. तुमी जे इचारलं थे आमी सांगतलं. आता माह्यं येक सांगा. आमचं बोलणं तुमाले काऊन पाह्यजे?"

पैवी मॅडमचा चेहरा उजळला. "काऊ!" त्या म्हणाल्या. "येस, काऊ!" आणि दोन्ही हातांची बोटं डोक्याला लावून त्यांनी शिंगं करून दाखवली. गोड हसल्या. केतकर सरही हसले आणि त्यांनी मान डोलावली.

शकुबाई शिंगांकडे बघत राहिली. तिने सरळ प्रश्न विचारला होता. त्यावर दोन देशांच्या प्रतिनिधींनी मिळून तिला शिंगं दाखवली होती. ती माझ्याकडे वळली. "पोरी, हे बाई माही मजाक करून राह्यली का व?"

मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही. सरांच्या मान डोलावण्याचा आला, त्या संगणकाचा आला, "किती गोड"चा तर जुनाच होता, तोही आला. मी उठले.

"नाई व मावशी," मी म्हटलं, "थ्यायले तुमचं समजलंच नाई. वर्सभर नाई समजलं." आणि मग मॅडमकडे वळून माझ्या हिंगणघाटी इंग्रजीत सगळं सांगितलं. हाव म्हणजे हो. काऊन म्हणजे का. इथे कुणीही 'कसं' विचारलेलं नाही आणि कुणीही गाईचं नाव घेतलेलं नाही.

केतकर सरांनी डोळे मिटले. पैवी मॅडमनी पेनाला टोपण बसवलं. मला वाटलं, गेलं. गेली माझी पीएच.डी.

मग त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि 'गाय' असा शिक्का बसलेलं एक रेकॉर्डिंग मोठ्या आवाजात लावलं. आधी पुण्याच्या बाई, "प्रादुर्भाव आढळला का?" आणि मग शकुबाईचा खणखणीत आवाज: "तू काऊन इचारतं रे बाप्पा रोज रोज?"

अंगण हशाने फुटलं. मॅडमनी पुढचं लावलं. रूपराव: "तुले काऊन सांगू? तू येते का फवाराले?" पुढचं. कुणीतरी म्हातारा, खोकत: "काऊन पाह्यजे हे तुमाले? काऊन?" लोक आपापले आवाज ओळखून मांड्यांवर थापा मारत होते. मी एकेक वाक्य मॅडमना सांगत होते. आणि सांगता सांगता माझं हसू हळूहळू ओसरलं. अख्ख्या गावाने अख्खं वर्ष एकच प्रश्न विचारला होता, आणि आम्ही तो पशुसंवर्धनात टाकला होता.

"तिला उत्तर द्यायला हवं," पैवी मॅडम म्हणाल्या. त्या उठून शकुबाईच्या समोर सतरंजीवर बसल्या, खाली, उन्हातच. "डब्ब्याला तुमची बोली शिकवायची आहे," त्या म्हणाल्या; मी त्यांचं एकेक वाक्य शकुबाईला सांगत होते. त्या पुढे म्हणाल्या, "म्हणजे पुढे तुम्ही अळीचं विचारलं की तो तुमच्याच बोलीत सांगेल. आणि खरं सांगायचं तर आमची कामंही यावरच चालतात. माझंही. या आकांक्षाचंही."

शकुबाईने माझ्याकडे पाहिलं. "तुह्यं बी?"

"माह्यं बी, मावशी. सम्दं याच्यावरच हाय."

"मंग आदीच सांगा लागत होतं ना व," ती म्हणाली. "मी का नाई म्हणलं असतं? आन् त्या डब्ब्याले सांगजो, थो 'पादुर्भाव' म्हणू नोको म्हणा. मले वाटे काई देवाधर्माचं इचारून राह्यला." आणि ती वेचणीला निघून गेली.

मॅडम उठल्या. केतकर सरांना म्हणाल्या, दुसऱ्या टप्प्यावर मी सही करणार नाही. डब्ब्याने बोलायच्या आधी आपण ऐकायला शिकलं पाहिजे. पहिलाच टप्पा वाढवू. सगळी रेकॉर्डिंग पुन्हा, माणसाने ऐकायची, यंत्राने नाही. त्यावर मात्र मी आत्ता सही करते, तुमची असेल तर. फक्त त्यासाठी ही भाषा येणारं माणूस लागेल. पुण्यात मिळेल का?

केतकर सरांनी घाम पुसला. फाईलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी ते गोड वगैरे काही म्हणाले नाहीत.

"आकांक्षा," ते म्हणाले, "तू करशील?"

वर्षभर मी या माणसाला "हो सर" म्हणत आले होते.

"हाव," मी म्हटलं.

पैवी मॅडमनी समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.