विझवलेले ओजाक

"वन्सं, अहो थांबा! पेटता ओजाक आहे तो!"

हाजेर धावत येईपर्यंत नेझाहतने बादली उपडी केलीही होती. धुरासाठी पेटवलेला हेझलनटच्या ओल्या टरफलांचा ढीग चरचरला, धुराचा लोट उठला आणि दोघींनाही ठसका लागला.

"तुम्हीच फोनवर म्हणालात ना, वरचे ओजाक तसेच राहू द्या म्हणून? दुपारपासून राखत बसलेय. डोळ्यांचं पाणी खळत नाही माझ्या."

नेझाहतने भावजयीकडे पाहिलं. चूक हाजेरची म्हणता आली नसती. गिरेसूनच्या डोंगरांत चुलीला ओजाक म्हणतात, आणि एका खड्ड्यात गोलाकार लावलेल्या हेझलच्या झुडपांनाही ओजाकच. नेझाहतला झुडपं म्हणायची होती. त्यांना धूर द्यायचा नव्हता. थंडी लागू द्यायची होती.

संशोधन केंद्रातली तिची अख्खी नोकरी एका प्रश्नात गेली होती. एप्रिलमधला हिमकडाका कोवळी पालवी जाळतो आणि त्या वर्षी फळ धरत नाही. तेव्हा उशिरा पालवणारी जात घडवता येईल का? संकरातून वाढवलेली तिची झुडपं भावाच्या बागेला लागून, डोंगरउताराच्या वरच्या पायरीवरच्या तिच्या वाट्यात उभी होती. झुडपं मोठी झाल्यापासून खरा कडाका पडलाच नव्हता. येत्या उन्हाळ्यात नेझाहत निवृत्त होणार होती. आज आभाळ निरभ्र होतं, वारा पडला होता, आणि सूर्य मावळतानाच बोटं बधिर होत होती.

ती दुसऱ्या ढिगाकडे वळली, तोच खालून इद्रिस चढून आला.

"ताई, वेड लागलंय का? कडाक्यातून झाडं वाचवायला सगळा गाव धूर करतोय आणि तू पाणी ओततेस?"

"माझ्याच वाट्यात ओततेय."

"तुझ्या वाट्यात बाबांच्या हातची झाडं आहेत. यंदाचं फळ जाईल."

"जाईल."

"तुझी रोपं तेवढी उघडी ठेव की! बाबांच्या झाडांपाशी राहू दे जाळ."

"धूर काय हद्द बघून चालतो? धुरात वाचलेलं झाड मी कुणाला दाखवू?"

इद्रिसचा आवाज खाली आला. "पेटत्या ओजाकावर पाणी ओतू नये, ताई. घर मोडतं त्यानं."

"माझं घर मोडायला आधी मांडलं कुठे होतं?"

हाजेरला हसू फुटलं. तिने ओढणीच्या टोकाने तोंड झाकलं. इद्रिस मात्र हसला नाही. "आणि तुझं एकही झाड टिकलं नाही तर?"

"तर टिकलं नाही, हे कळेल. ते न कळता घरी बसायचं नाही मला." तिने रिकामी बादली त्याच्यापुढे धरली. "पाणी आण. जमत नसेल तर वाटेतून बाजूला हो."

इद्रिसने पाणी आणलं.

सकाळी बाग पांढरी झाली होती. ऊन वरच्या पायरीवर आलं, हिम वितळलं, जळालेलं काळं पडू लागलं. तोवर नेझाहत बांधावर बसून राहिली. मग उठून तिने आपल्या पहिल्या झुडपाची कळी खुडली आणि नखाने उकलली. आत काळं. पुढची काळी. त्यापुढचीही. कडेच्या एका झुडपाच्या कळ्या अजून घट्ट मिटलेल्या होत्या. तिने एक उकलली, मग दुसऱ्या फांदीवरची, मग अगदी शेंड्याची. आत हिरवं होतं.

"एक," ती म्हणाली.

"एवढ्या वर्षांत एकच?" मागे येऊन उभ्या राहिलेल्या इद्रिसने विचारलं.

"एक पुरतं. बुडाशी फुटवे येतात, ते लावत जायचं."

मग ती वडिलांच्या झाडांकडे वळली. पहिल्याच ओजाकाची पालवी उकडल्यासारखी लोंबत होती. तिने कळी उकलून पाहिली आणि पुढच्या ओजाकाशी गेली.

"कळलं की आता," इद्रिस म्हणाला. "बाकीचे कशाला बघतेस?"

"मी घालवलंय, मलाच बघायला हवं," ती म्हणाली. वडिलांनी लावलेला एकही ओजाक न वगळता ती प्रत्येकाची एकेक कळी खुडत, उकलत, पाहत पुढे सरकत राहिली. थोड्या वेळाने इद्रिस तिच्या पुढे झाला आणि तिचा हात पोहोचत नव्हता अशा फांद्या एकेक करून वाकवून धरू लागला.